घर बांधताय? इंटरनेटचे पाइप स्लॅबच्या आधी टाकून घ्या

स्लॅबच्या आधी वायरमन एक यादी मागतो. कोणत्या खोलीत पंखा कुठे, दिवे किती, एसीचा पॉइंट कुठल्या भिंतीवर, मिक्सरचा प्लग ओट्याच्या कोणत्या टोकाला. आम्हीही बसून ती यादी केली. आमच्या वायरमनभाऊंनी ती वहीत उतरवून घेतली. मी विचारलं, "आणि इंटरनेटच्या वायरींचं काय?" ते म्हणाले, "ताई, त्याला काय लागतं? फायबरवाला येतो, खिडकीतून वायर आत घेतो, डबा लावतो. पुढे वायफाय आहेच की."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. नाशिकमध्ये आजही बहुतेक घरांत असंच होतं. नव्या कोऱ्या बंगल्याच्या रंगवलेल्या भिंतीला बाहेरून भोक पडतं, काळी वायर खिळ्यांवरून लोंबत हॉलमध्ये येते आणि टीव्हीच्या बाजूला डबा बसतो. मग वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून महिन्याभरात दुसरा डबा येतो. मला हे नको होतं. त्यासाठी जे काही केलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण वास्तुशांतीला आलेल्या किमान चार जणांनी फरशीच्या आधी याचीच चौकशी केली.

आधी आमच्याविषयी. आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमधून मखमलाबादच्या बाजूला राहायला आलो. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर आमची खोली, मुलीची खोली आणि माझं ऑफिस. मी घरून जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. म्हणजे महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख माझ्या डोक्यात कायम असते. २० तारखेला संध्याकाळी कुणाचा तरी ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा राहिलेला असतो, पक्षकार फोनवर असतो, ओटीपी आलेला असतो, आणि नेमकं तेव्हा नेट गेलं तर उशिराचं व्याज आणि दंड दुसऱ्याच्या खिशातून जातो. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिचे क्लास ऑनलाइन. सासूबाईंना पहाटे पंढरपूरचं थेट दर्शन टीव्हीवर लागतं आणि ते मधेच अडकून फिरत राहिलं की त्यांचा दिवस बिघडतो. त्यामुळे चांगलं नेट ही आमच्या घरात चैनीची गोष्ट नव्हतीच.

वायफायबद्दल मला तक्रार नाही, मोबाइलला तेच लागतं. पण त्याच्या मर्यादा घर बांधणाऱ्याला माहीत असायला हव्यात. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्झचं लांब जातं, पण त्यात एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. फ्लॅटच्या इमारतीत पंधरा-वीस राउटर त्या तिघांवर बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण ते भिंतीला लवकर हरतं. आणि बंगल्यात दोन मजल्यांमध्ये सळयांची जाळी भरलेला स्लॅब असतो. खालच्या हॉलमधला राउटर वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पोहोचतो तो मोबाइलवर दोन दांड्या दाखवण्यापुरता. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. टीव्ही, कॅमेरे, लॅपटॉप अशी जी यंत्रं जागची हलत नाहीत ती सगळी वायरीवर घेतली, तर हवा मोबाइलसाठी मोकळी राहते. म्हणजे वायर टाकल्याने वायफायसुद्धा सुधारतं. हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पेन पुन्हा हातात घेतलं.

खरी चर्चा झाली ती पाइप कसे फिरवायचे यावर. विजेच्या कामात 'लूप' असतो. एका बोर्डावरून फेज आणि न्यूट्रल पुढच्या बोर्डाला नेला की तिथेही वीज पोहोचते. भाऊंची आयुष्यभराची सवय तीच. त्यांनी कागदावर रेघ काढली: हॉलमधून सासूबाईंच्या खोलीत, तिथून वर ऑफिसात, तिथून मुलीच्या खोलीत. पाइप कमी, झिऱ्या (पायपासाठी भिंतीत कोरायच्या खाचा) कमी, मजुरी कमी. मला त्यांना समजावावं लागलं की इंटरनेटच्या वायरीला दोनच टोकं असतात. एक टोक खोलीतल्या भिंतीवर, दुसरं टोक थेट स्विचमध्ये. इथे स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. अनेक वायरी एकत्र येऊन लागतात त्या यंत्रालाही स्विचच म्हणतात. मधे फाटा काढता येत नाही, मधे जोड मारायचा नाही. दहा पॉइंट हवे असतील तर एका जागेपासून दहा वायरी निघाल्या पाहिजेत. भाऊ म्हणाले, "मग पाइप किती जाईल ताई!" जाईल, म्हटलं. शेवटी हिशेब लागला तेव्हा या सगळ्या जादा पायपांचा खर्च आमच्या हॉलच्या पडद्यांपेक्षा कमी निघाला.

ती 'एक जागा' कुठे ठेवायची याचा आम्ही घरच्यांनी बराच विचार केला. जिन्याखाली ठेवा असं सगळे सुचवतात. पण जिन्याखाली ओल येते, चपला आणि पोती जातात, आणि हवा खेळत नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर जिना संपतो तिथल्या पॅसेजच्या भिंतीत गवंड्याकडून कोनाडा ठेवून घेतला. घराचा साधारण मध्य, बाथरूमची भिंत नाही, टाकीचा पाइप जवळ नाही, आणि विजेचा डीबी, म्हणजे घराचा मुख्य फ्यूजबोर्ड, तिथून लांब. कोनाड्याला सुताराने फटींचं लाकडी दार केलं. बाजारात याच कामासाठी पत्र्याचे बंद डबे मिळतात. पण नाशिकचा पारा आता एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, आणि बंद पत्र्यात ही यंत्रं तापतात. शिवाय पत्रा वायफाय अडवतो. त्या कोनाड्यात फायबरचा डबा, स्विच आणि इन्व्हर्टरच्या लाइनवरचे प्लग आहेत. प्लग जरा जास्तच घेतले, कारण प्रत्येक यंत्राचा अडॅप्टर शेजारचा प्लग झाकतो.

पॉइंट ठरवताना मी एकच कसोटी ठेवली: इथे दहा वर्षांनी टेबल, टीव्ही किंवा कॅमेरा येऊ शकतो का? हॉलमध्ये टीव्हीच्या मागे दोन, सासूबाईंच्या खोलीत पलंगासमोर एक, माझ्या ऑफिसात समोरासमोरच्या दोन भिंतींवर, मुलीच्या खोलीत टेबलापाशी. शिवाय दोन्ही मजल्यांच्या छताला एकेक, म्हणजे वायफायचं यंत्र छताला मधोमध लावता येईल. फाटकाच्या खांबावर एक. आणि गच्चीवर एक पाइप, सध्या पूर्ण रिकामा.

आता पायपाविषयी, कारण माझ्या मते सगळी अक्कल इथेच खर्च करायला हवी. वायर पुढे बदलता येते. पाइप प्लास्टरच्या आत गेला की तोच घराच्या आयुष्यभर राहतो. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटलं होतं (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस, हजार एमबीपीएस म्हणजे एक जीबीपीएस). पुढे ५१२ झालं, आणि २०२३ मध्ये सरकारने ती किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. आणि आज फायबरवाला सहज १०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन पुढे करतो. एका मुलाचं बालवाडी ते कॉलेज होतं तेवढ्यात हे झालं. मी माझं घर पन्नास वर्षं टिकेल म्हणून बांधलं आहे. आज टाकलेली वायर तेव्हा चालेल असं मला कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण मोकळा पाइप असेल तर जुनी वायर ओढून काढताना तिच्याच मागे नवी बांधून आत घेता येते.

म्हणून पाइप २५ एमएमचा घेतला, हेवी गेजचा. कॅट ६ या प्रकारची इंटरनेटची वायर साधारण ६ एमएम जाडीची असते. २५ एमएमच्या पायपात आतली जागा बघता तीन-चार वायरी आरामात जातात आणि वर हवा उरते. दाबून भरला तर पाच-सहाही जातील, पण मग त्या परत निघत नाहीत. वळणावर काटकोनी एल्बो नको, लांब बेंडच लावायचा. एल्बोमधून वायर ओढली की ती आत चिमटते. दोन वळणांपेक्षा जास्त वळणं येत असतील तिथे मधे जंक्शन बॉक्स घ्यायचा. आणि प्रत्येक पायपात नायलॉनची दोरी टाकून ठेवायची, दोन्ही टोकांना गाठ मारून. वायर ओढतानाही नवी दोरी तिच्यासोबत आत जाऊ द्यायची, म्हणजे पुढच्या वेळेलाही दोरी हजर.

विजेच्या पायपातून इंटरनेटची वायर न्यायची नाही. हे मी भाऊंना तीनतीनदा सांगितलं. एक तर ते धोक्याचं आहे. विजेच्या वायरीचं आवरण कुठे सोललं तर २३० व्होल्ट लॅपटॉपपर्यंत येऊ शकतात. दुसरं, विजेच्या वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वायरीत खरखर आणतं. समांतर जायचं असेल तर एक फुटाचं अंतर ठेवलं, आणि जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडलं. इंटरनेटच्या वायरीत आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात, तो पीळ याच खरखरीसाठी असतो. बाहेरची खरखर जोडीतल्या दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे खरखर आपोआप वजा होते. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो, म्हणजे त्या एकमेकींतही लुडबुड करत नाहीत. किती साधी आणि सुंदर कल्पना आहे ही! मला हे कळलं तेव्हा मी ती वायर उलगडून मुलीला दाखवली होती.

स्लॅबच्या दिवसाचं थोडं सांगते. सेंट्रिंगवर सळई बांधून झाली की पाइप सळईच्या दोन थरांमध्ये टाकतात आणि बायंडिंग वायरने बांधतात. तोंडं कापडाने आणि टेपने घट्ट बंद करायची, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जातं आणि वाळून दगड होतो. जोडांवर सोल्युशन लावायचंच, नुसते एकात एक खुपसून सोडायचे नाहीत. स्लॅब भरताना बिगाऱ्यांची ये-जा असते, व्हायब्रेटर फिरतो, आणि पाइप सुटतो किंवा पिचतो. मी सकाळपासून तिथे उभी होते. एका ठिकाणी बेंड निसटला तो काँक्रीट पडायच्या आधी दिसला आणि लगेच बसवला. घरचं कुणीतरी त्या दिवशी वर हजर असावंच.

भिंतींच्या झिऱ्या नंतर, वीटकाम सुकल्यावर. झिरी पाइप बसून वर प्लास्टरला जागा उरेल इतकी खोल हवी. त्यावर चिकन मेश मारून मगच प्लास्टर करायचं, नाहीतर वर्षभरात पायपाच्या रेषेत तडा दिसतो. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, मोजपट्टी भिंतीला लावून. फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती, हे फोटोत वाचता आलं पाहिजे. मॉड्युलर किचनवाल्याने कपाट ठोकायला ड्रिल काढलं तेव्हा मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला आणि त्याने भोक चार इंच सरकवलं. ते फोटो मी घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येही छापून लावले आहेत.

वायर घ्यायला मी आणि मुलगी एम. जी. रोडला गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा पुढे केलं ते बंडल दिसायला झकास होतं. खोक्यावर कॅट ६ लिहिलेलं, ३०५ मीटर, म्हणजे एक हजार फूट. भाव ऐकून मला शंका आली आणि हातात घेतल्यावर ती वाढली, कारण खोकं फार हलकं होतं. मुलीने एक तार सोलून ब्लेडने खरवडली. वरून तांबडी, आतून चंदेरी. याला सीसीए म्हणतात, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अॅल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो, तार दोन-तीनदा वाकवली की मोडते, आणि या वायरीतून कॅमेऱ्याला वीजही पाठवायची असेल तर ती तापते आणि लांबवर पुरेशी पोहोचत नाही. भिंतीत जाणारी वायर शुद्ध तांब्याचीच हवी, आणि आत एकेरी भरीव तार असलेली. बारीक धाग्यांची लवचिक वायर भिंतीपासून लॅपटॉपपर्यंतच्या दोन हातांसाठी. तांब्याचं खोकं दुपटीच्या आसपास महाग पडलं, पण ते घेतलं. तिच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात, त्यामुळे किती गेली आणि किती उरली ते दर टप्प्याला कळतं.

कॅट ५ई घ्यावी की कॅट ६, असं सगळे विचारतात. १ जीबीपीएस वेग १०० मीटरपर्यंत कॅट ५ईसुद्धा देते. कॅट ६ वर ५५ मीटरपर्यंत १० जीबीपीएस चालू शकतं, आणि आमच्या घरात सगळ्यात लांबची वायर फाटकाची, तीही ५५ मीटरच्या आत. म्हणून कॅट ६. कॅट ६ए त्याहून जाड आणि ताठ असते, वळणांत त्रास देते. घरासाठी मला ती अनावश्यक वाटली.

वायरी ओढल्या त्या प्लास्टर आणि पुट्टीनंतर, शेवटच्या रंगाच्या आधी. दोघांनी करायचं काम आहे, एकाने ओढायचं, दुसऱ्याने सारत राहायचं. जोर लावून खेचायचं नाही. साधारण ११ किलोच्या वर ताण गेला की आतला पीळ ताणला जातो आणि वायर बाहेरून चांगली दिसत असूनही बिघडते. अडली तर मागे घेऊन पुन्हा सोडायची. भिंतीवरचे जॅक, म्हणजे इंटरनेटची वायर खोचायची सॉकेट, मात्र रंग झाल्यावरच बसवले, कारण रंगाचा एक थेंब आत गेला तरी जॅक वाया जातो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना, ओढतानाच, चिठ्ठी चिकटवली: 'ऑफिस पूर्व', 'आई', 'फाटक'. हे नंतर करू म्हणणाऱ्यांच्या कोनाड्यात एकसारख्या निळ्या वायरींची जुडी लोंबत असते आणि कुठली कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नसतं.

जॅकमधल्या रंगांचा क्रम भाऊंना नवा होता. मुलीने त्यांना कागदावर लिहून दिला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी ५६८बी म्हणतात. ए नावाचा दुसराही क्रम आहे. कोणताही चालतो, फक्त घरभर एकच ठेवायचा. तारा जॅकमध्ये बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. भाऊंचा हात विजेच्या कामाला सरावलेला, त्यांना दोन इंच सोलून मोकळं काम करायची सवय. पण एकदा कारण सांगितल्यावर त्यांनी पुढचे सगळे जॅक इतके सुबक केले की मला त्यांचं कौतुक वाटलं.

तपासणीत एक गोष्ट कळली ती तुम्हालाही उपयोगी पडेल. हॉलच्या एका पॉइंटवर वेग ९४ एमबीपीएसच्या वर जाईना, बाकी सगळीकडे प्लॅनचे पूर्ण ३०० मिळत होते. नेट चालू होतं, पानं उघडत होती, त्यामुळे नुसतं वापरून कुणाला कळलं नसतं. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, १ जीबीपीएसला चारही. एखादी जोडी तुटली किंवा नीट बसली नाही की यंत्रं आपसात ठरवून १०० वर उतरतात, आणि प्रत्यक्षात हातात ९४च्या आसपास पडतात. असा आकडा सतत दिसला तर कंपनीला फोन लावायच्या आधी जॅक उघडून बघा. आमच्याकडे तपकिरी तार अर्धवट बसली होती. एका दाबात काम झालं.

आता बाहेरून येणारी फायबर. आमच्या भागात अजून निम्मे प्लॉट मोकळे आहेत. एका कंपनीने फोनवर सांगितलं की तुमच्याकडे लाइन आहे, मग माणूस येऊन म्हणाला की खांब नाहीत, आणि त्यातच दिवस गेले. शेवटी दुसऱ्यांकडून जोडणी मिळाली. सध्या नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं जागोजाग चालू आहेत. जेसीबीच्या दातात जमिनीतली फायबर कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बरेच जण खांबावरून वायर आणतात. खांबापासून फाटकापर्यंत आमच्या हातात काही नव्हतं. पण फाटकापासून कोनाड्यापर्यंत आम्ही दोन स्वतंत्र पाइप आधीच टाकून ठेवले होते, एक चालू कंपनीसाठी आणि एक दुसरीसाठी. ज्यांचं काम नेटवर चालतं त्यांनी दुसऱ्या जोडणीची वाट मोकळी ठेवावी असं मी आग्रहाने सांगेन. या पायपांना वळणं आणखी मोठी दिली, कारण फायबर म्हणजे काच आहे. बाहेरची काच १२५ मायक्रॉनची, आणि प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. घट्ट वळणावर प्रकाश गाभ्यातून बाहेर सांडतो.

फायबरवाला मुलगा चुणचुणीत होता. त्याने खिडकीच्या चौकटीकडे ड्रिल नेलं, तेव्हा मी त्याला पायपातली दोरी दाखवली. त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, असं कुणी ठेवत नाही." त्याची वायर बघता बघता आत आली. मग त्याने मशीनवर जोड मारला आणि मीटर लावला. मीटरवर उणे २० आलं. मी विचारलं, हे काय? उणे २० डीबीएम म्हणजे एक मिलीवॅटचा शंभरावा भाग एवढा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. कारण एक फायबर स्प्लिटरमधून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. दर ३ आकड्यांनी प्रकाश निम्मा होतो. उणे २७ च्या आसपास डब्याला वाचणं जड जातं. तुमच्या घरी जोडणी होईल तेव्हा हा आकडा विचारून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नेट अडखळू लागलं आणि तोच आकडा उणे २६ दाखवत असेल, तर दोष बाहेरच्या जोडात किंवा वळणात आहे हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. त्या वायरीच्या तोंडात मात्र डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

वीज गेली की नेट जाऊ नये यासाठी कोनाडा इन्व्हर्टरवर आहेच. छताला लावलेली वायफायची यंत्रं आणि कॅमेरा यांना वेगळे प्लग दिलेले नाहीत. स्विच पीओई प्रकारचा आहे, म्हणजे इंटरनेटच्याच वायरीतून त्यांना वीजही मिळते, साध्या प्रकारात एका पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत. त्यामुळे एकट्या कोनाड्याला इन्व्हर्टर दिला की सगळं घर चालू राहतं. फाटकाची वायर तेवढी उघड्यावर जाते आणि ती तांब्याची आहे. वळवाच्या पावसात इकडे विजा कडाडतात, म्हणून त्या वायरीवर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारं यंत्र, बसवून त्याला अर्थिंग दिलं. बाहेरून येणाऱ्या फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण तिला आधाराची लोखंडी तार असते, ती घरात न आणता फाटकावरच कापून अडकवली.

फ्लॅट घेणाऱ्यांना यातलं बरंचसं हातात नसतं, हे मला माहीत आहे. पण ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. ते बिल्डरवर बंधनकारक नाहीत, तरी विचारण्यापुरता आधार मिळतो. बुकिंगच्या वेळी बिल्डरला विचारा: डक्टपासून (इमारतीच्या वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीपासून) माझ्या हॉलपर्यंत रिकामा पाइप आहे का, आणि हॉलपासून बेडरूमपर्यंत? प्लास्टर व्हायचं असेल तर ते अजूनही होऊ शकतं.

पाथर्डी फाट्याजवळ माझ्या मैत्रिणीचं घर चाललं आहे, पुढच्या महिन्यात तिचा पहिला स्लॅब. काल तिच्या नकाशावर आम्ही दोघींनी लाल पेनने खुणा केल्या. तिचे मजले तीन आणि जिना बाहेरून, त्यामुळे मधला कोनाडा आमच्यासारखा जमत नाही. मी सुचवलं की प्रत्येक मजल्यावर एकेक छोटा स्विच ठेव आणि तिन्ही मजले जोडणारा एक उभा, ३२ एमएमचा पाइप लिफ्टच्या भिंतीऐवजी देवघराच्या मागून वर ने. तो पाइप बीम ओलांडताना अडचण येईल असं तिच्या आर्किटेक्टला वाटतं आहे. शनिवारी आमचे वायरमनभाऊ तिच्या साइटवर येणार आहेत, तेव्हा बीमच्या बाजूने वाट निघते का ते पट्टी लावून बघू.